डायबेटिस? ह्या वयात?

मागच्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात आमच्या खोलीत एक माणूस रोज सात-आठ लिटर पाणी पीत होता आणि आम्ही बाकीचे दोघं त्याची चेष्टा करत होतो. आमच्या विंगचा कूलर जिन्याजवळ आहे. हा रात्री तीनदा बाटली भरायला उठायचा आणि तीनदा बाथरूमला. आम्ही त्याचं नाव ‘महानगरपालिका’ ठेवलं होतं, म्हणजे पाणीपुरवठा आणि ड्रेनेज दोन्ही खाती एकाच माणसाकडे. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा विनोद झकास वाटला होता.

त्याच महिन्यात तो बारीक झाला. बेल्टला कंपासच्या टोकाने नवीन भोकं पाडली. आम्ही मेसला शिव्या घातल्या, कारण आपल्याकडे कुणीही बारीक झालं की दोष मेसचा. लांबचा बोर्ड त्याला अंधुक दिसायला लागला, तर त्याने ठरवलं की कॉम्प्युटरमुळे चष्म्याचा नंबर वाढला. फुटबॉलमध्ये हाफ टाइमच्या आधीच बसायला लागला. प्रत्येक लक्षणाला एक-एक वेगळं, अगदी पटणारं कारण होतं. सगळ्यांचं मिळून एकच कारण असेल असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि आम्ही तिघंही ‘रूट कॉज ॲनालिसिस’ शिकलेले!

मग उलट्या सुरू झाल्या आणि पोट दुखायला लागलं. जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ‘बाहेरचं खाता का?’ विचारलं (खातोच), आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं तेव्हा मी तहानेचं सांगितलं. ते हसून म्हणाले, ‘शुगर? ह्या वयात? बरं, तुझ्या समाधानासाठी करू. परवा सकाळी उपाशीपोटी ये.’ आम्ही परत आलो. त्याला शक्ती यावी म्हणून लिंबू सरबत, उसाचा रस आणि ग्लुकोज पावडर पाजली. होय, आम्हीच पाजली. प्रेमाने.

तो ‘परवा’ उजाडलाच नाही. त्या रात्री त्याचा श्वास खोल आणि जोरात चालायला लागला, जिने चढून आल्यासारखा, पण तो कॉटवर पडलेला. तोंडाला विचित्र वास येत होता, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा. रेक्टर सरांना उठवलं. सरांच्या मिसेसना बरीच वर्षं डायबेटिस आहे, काकू स्वतःच मीटर घेऊन खाली आल्या. बोटाला सुई टोचली, पाच सेकंद वाट पाहिली. मीटरवर आकडा आलाच नाही. इंग्रजी एच आणि आय अशी दोन अक्षरं आली. मी मूर्खासारखा म्हटलं, ‘काकू, हे हाय का म्हणतंय?’ काकू म्हणाल्या, ‘अरे, हे हॅलो नाही. मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे गेलंय. गाडी काढा.’ बहुतेक मीटर ६०० च्या वर आकडा दाखवत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये साखर ६४२ निघाली, रक्ताचा पीएच ७.०८. तो चार दिवस आय.सी.यू.मध्ये होता. आता ठणठणीत आहे, टी.ई.ला माझ्याच बॅचमध्ये आहे, आणि ‘नाव देऊ नकोस, बाकी सगळं लिही’ असं त्यानेच सांगितलंय.

त्या चार दिवसांत आणि नंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते इथे मांडतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, ‘पॅन्क्रियाज’ला स्वादुपिंड म्हणतात हे ह्या लेखासाठी आईला फोन करून विचारलं. तेव्हा मराठीच्या चुका सांभाळून घ्या.

आधी माझ्या बाबांची गोष्ट, कारण तुलना तिथेच आहे. बाबांना डायबेटिस ४७ व्या वर्षी सापडला. ‘सापडला’ हाच शब्द बरोबर. त्यांना काहीही होत नव्हतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर १३८ आली, आठवड्याने पुन्हा केली तर १३४. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, चालायला सांगितलं, आणि बाबा त्या दिवशी नेहमीप्रमाणे ऑफिसला गेले. मोठ्या माणसांत असंच होतं: आजार हळूहळू येतो, वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि तपासणी करायला गेलं की हाती लागतो. माझा रूममेट मात्र काही आठवड्यांत धडधाकट माणसाचा आय.सी.यू. पेशंट झाला. नाव एकच, ‘डायबेटिस’, पण यंत्रातला बिघाड वेगळा.

कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगतो. रक्तातली साखर ठरावीक मर्यादेत ठेवायची हे काम इन्शुलिन करतं. जेवलो की साखर वाढते, स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना ते कळतं, त्या इन्शुलिन सोडतात, आणि साखर स्नायूंमध्ये, चरबीत आत घेतली जाते. म्हणजे बीटा पेशी हा सेन्सर पण आहे आणि ॲक्चुएटर पण. टाइप २ मध्ये, म्हणजे बाबांच्या प्रकारात, सुरुवातीला ॲक्चुएटर चालू असतो, पण शरीर त्याचं ऐकत नाही. त्यामुळे जास्त-जास्त इन्शुलिन सोडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं ओव्हरलोडवर चालून तो थकत जातो. टाइप १ मध्ये आपलीच रोगप्रतिकारक शक्ती बीटा पेशींना परकं समजून मारते. हे मारणं कित्येक महिने, कधी वर्षं चालू असतं, पण बाहेर काही दिसत नाही कारण उरलेल्या पेशी भार उचलतात. बहुतेक पेशी गेल्या की मात्र काही आठवड्यांत सगळं कोसळतं.

आता आमची ‘महानगरपालिका’. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत खेचता येत नाही, ती लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, ऑस्मॉसिसने पाणी बरोबर घेऊन जाते. म्हणून लघवी जास्त, आणि म्हणून तहान जास्त. तो जास्त पाणी पितो म्हणून बाथरूमला जातो असं आम्हाला वाटत होतं. क्रम नेमका उलटा होता. डोळ्यांच्या भिंगातही असाच पाण्याचा गोंधळ होतो, म्हणून अंधुक दिसतं. आणि रक्तात साखरेचा पूर असून पेशी उपाशी, म्हणून शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळायला घेतं. बेल्टची भोकं तिथून आली.

चरबी अशी बेबंद जळली की कीटोन तयार होतात. ती आम्लं असतात. रक्त आम्लधर्मी झालं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते सावरायला बघतं, म्हणून तो खोल, जोरदार श्वास. १८७४ मध्ये आडोल्फ कुसमाऊल ह्या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. कीटोनपैकी एक ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर. उलट्या आणि पोटदुखी ह्याच अवस्थेत येतात, आणि म्हणूनच ॲसिडिटी, कावीळ, अपेंडिक्स, फूड पॉयझनिंग असे शिक्के बसतात. ह्या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. टाइप २ वाल्यांना हे सहसा होत नाही, कारण चरबीचा नळ बंद ठेवायला थोडंसं इन्शुलिनही पुरतं आणि तेवढं त्यांच्याकडे असतं. ‘सहसा’ म्हटलं, ‘कधीच’ नाही.

उतारा आहे तो सलाइन, शिरेतून इन्शुलिन आणि पोटॅशियमवर डोळ्यात तेल घालून लक्ष. हे घरी किंवा हॉस्टेलवर होण्यासारखं काम नाही.

आता निदानाचे आकडे. हे लहानांना आणि मोठ्यांना एकच आहेत, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. उपाशीपोटी (किमान ८ तास) १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त (लहान मुलांना वजनानुसार कमी ग्लुकोज देतात), एच.बी.ए.वन.सी. ६.५ टक्के किंवा जास्त. किंवा लक्षणं असतील तर दिवसातल्या कुठल्याही वेळी २०० किंवा जास्त. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १९९७ पर्यंत उपाशीपोटीची रेषा १४० होती, त्या वर्षी ती अमेरिकन तज्ज्ञ समितीने १२६ वर आणली.

फरक आकड्यांत नाही, घाईत आहे. बाबांसारख्या लक्षणं नसलेल्या माणसाला एका रिपोर्टवर डायबेटिस ठरवत नाहीत. दुसऱ्यांदा खात्री करतात, आणि ते बरोबरच आहे, लॅब चुकू शकते. पण तहान, लघवी, वजन घटणं हे सगळं घेऊन एखादा तरुण समोर बसला असेल तर त्याला ‘परवा उपाशीपोटी ये’ म्हणायचंच नाही. त्याच क्षणी, पोट भरलेलं असो की रिकामं, बोट टोचायचं. २०० च्या वर आलं की पुढची तपासणी आणि उपचार त्याच दिवशी. एवढं एकच वाक्य त्या डॉक्टरांना माहीत असतं, किंवा माहीत असून आठवलं असतं, तर आय.सी.यू. टळलं असतं. मी त्यांच्यावर रागावलो होतो. नंतर विचार केला की त्यांच्याकडे दिवसभरात आमच्यासारखे कितीतरी उलटीवाले येत असतील आणि त्यातले जवळपास सगळे खरंच बाहेरचं खाऊन आलेले असतात. राग थोडा कमी झाला. पूर्ण गेला नाही.

एच.बी.ए.वन.सी. बद्दल थोडं, कारण ‘शुगरची बेस्ट टेस्ट’ म्हणून हल्ली सगळे तीच करतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तोवर तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. म्हणजे ही टेस्ट दोन-तीन महिन्यांचा मूव्हिंग ॲव्हरेज आहे, त्यात अलीकडच्या आठवड्यांना वजन जास्त. मोठ्यांच्या संथ आजाराला हे उत्तम. पण तरुणाची साखर गेल्या काही आठवड्यांतच उसळली असेल तर ॲव्हरेज तेवढा चढलेला नसतो, आणि फक्त ह्याच टेस्टवर विसंबलं तर फसायला होतं. शिवाय लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात हा आकडा खोटा वर जाऊ शकतो, सिकल सेलसारख्या आजारात तर भरवसाच ठेवता येत नाही. लेडीज हॉस्टेलमध्ये ॲनिमिया किती आहे हे मागच्या रक्तदान शिबिरात किती जणींना परत पाठवलं त्यावरून दिसलंच.

निदानाचा दुसरा भाग म्हणजे ‘आहे, पण कुठला?’ पूर्वी हे सोपं समजलं जायचं: लहानांचा तो ‘जुव्हेनाइल’, मोठ्यांचा तो ‘ॲडल्ट ऑनसेट’. १९९७ मध्ये त्याच समितीने वयावरची आणि उपचारावरची नावं सोडून टाइप १ आणि टाइप २ ही कारणावरची नावं घेतली, कारण वय फसवतं. उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं: वसीम अक्रम. १९९७ मध्ये, ऐन तिशीत, कारकिर्दीच्या मधोमध त्याला टाइप १ निघाला. त्यानंतर इन्शुलिन घेत-घेत तो २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये वन डेतल्या ५०० विकेट्सपर्यंत गेला. ब्रिटनच्या थेरेसा मे ५६ वर्षांच्या होत्या, २०१२ मध्ये त्यांना आधी टाइप २ सांगितला, गोळ्या दिल्या, गोळ्या चालेनात, मग कळलं की टाइप १. वय बघून अंदाज बांधला की पंतप्रधान होणाऱ्या बाईचंही चुकतं. (त्या तेव्हा गृहमंत्री होत्या.)

खरं तर ही दोन माणसं वेगळी आहेत हे आपल्याकडे फार पूर्वी लिहून ठेवलंय. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भाग केलेत: एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, ज्यात रोगी कृश असतो आणि त्याला तहान फार, दुसरा अपथ्यामुळे झालेला, ज्यात रोगी स्थूल, खाण्याचा आणि लोळण्याचा शौकीन. आधुनिक वैद्यकात इन्शुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट हॅरोल्ड हिम्सवर्थ ह्यांनी १९३६ मध्ये दाखवले.

आज खात्री करायला दोन रक्ततपासण्या आहेत. एक, जीएडी आणि तशाच इतर अँटिबॉडी: त्या सापडल्या तर हल्ला आतून झालाय, टाइप १. दुसरी सी-पेप्टाइड: इन्शुलिन बनताना त्याच्याबरोबर हा तुकडा सुटतो, त्यामुळे स्वतःचं किती इन्शुलिन बनतंय ते कळतं, बाहेरून टोचलेलं त्यात मिसळत नाही. रूममेटची जीएडी पॉझिटिव्ह आली आणि सी-पेप्टाइड अगदी कमी. पण हे रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी त्याला इन्शुलिन सुरू झालं होतं. तरुण माणूस, कीटोन आहेत, तर आधी इन्शुलिन, वर्गीकरण मागाहून. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये ज्याला जगात पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं तो लिओनार्ड थॉम्प्सन १४ वर्षांचाच होता, आणि त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

उलट चूकही होते. तरुण म्हणजे टाइप १ असंच नाही. आता पंचविशीच्या आतही टाइप २ दिसतो, आणि तो मोठ्यांपेक्षा जास्त वेगाने बिघडतो. त्याची एक खूण मानेच्या मागे असते: त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी. आमच्या विंगमध्ये एकाला त्यावरून ‘मान घास रे’ म्हणून चिडवायचे. ती घासून जात नाही, ती इन्शुलिन जास्त असल्याची खूण असू शकते. (त्याने टेस्ट केली, साखर नॉर्मल आहे, पण वजन कमी करायला सांगितलंय.) तिसरा प्रकार मोडी, म्हणजे एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा, आजी-आई-मुलगा असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्यातल्या एका उपप्रकारात इन्शुलिन सोडून साध्या गोळीवर भागतं, म्हणून तो ओळखणं फायद्याचं. आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून होणाऱ्या डायबेटिसला टाइप ५ म्हणून मान्यता दिली: बारीक, तरुण, पण अँटिबॉडी नाहीत. हा आपल्या देशासाठी महत्त्वाचा आहे.

बारीक म्हणजे सुरक्षित, हा आपला दुसरा गैरसमज. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बी.एम.आय. सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्यासाठी बी.एम.आय.ची रेषा २५ ऐवजी २३ धरतात.

शेवटी एक गणित. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये एक स्कोअर प्रसिद्ध केला, ज्याला रक्तच लागत नाही. वय ३५ च्या आत: ०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा कमी: ०, ९० ते ९९: १०, शंभरपासून पुढे: २०. व्यायाम नाही आणि काम बसून: ३०, दोन्हीपैकी एक असेल तर २०. आई-वडिलांपैकी एकाला डायबेटिस: १०, दोघांना: २०. एकूण ६० किंवा जास्त म्हणजे धोका जास्त, ३० च्या खाली म्हणजे कमी. आम्ही खोलीत बसून तिघांचा काढला. रूममेट: वय ०, कंबर ०, घरात कुणाला नाही ०, फुटबॉल खेळतो म्हणून २०. एकूण २०, ‘धोका कमी’. ज्या रात्री मीटरने हाय म्हटलं त्या रात्रीही त्याचा स्कोअर २० च होता. स्कोअर चुकीचा नाही. तो टाइप २ साठी, मोठ्यांसाठी बनवलाय, त्याला टाइप १ दिसतच नाही.

माझा स्कोअर? वय ०, कंबर ९३ म्हणून १०, व्यायामाच्या नावाने शून्य म्हणून ३०, बाबा १०. एकूण ५०. उपाशीपोटी साखर केली, १०४ आली. अमेरिकन हिशोबाने (१०० ते १२५) मी प्री-डायबेटिक, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने (११० ते १२५) नॉर्मल. आई अमेरिकन हिशोब धरते. रूममेट सकाळी सहाला माझं पांघरूण ओढतो.

रेक्टर सरांनी आता ऑफिसच्या कपाटात एक मीटर ठेवलाय, रात्रीही किल्ली वॉचमनकाकांकडे असते. स्ट्रिपची किंमत साधारण एका वडापावएवढी. टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा, कारण बोटाला फळाचा रस किंवा गोड लागलेलं असेल तर आकडा खोटा वर जातो. सुई प्रत्येकाला नवी. मीटरवरचा आकडा हा इशारा आहे, पक्कं निदान लॅबच्या रक्तावरच होतं, पण तहान-लघवी-वजन ह्यांच्या जोडीला २०० च्या वर काहीही आलं, किंवा ती दोन अक्षरं आली, तर लॅब उघडायची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. डबी उघडल्यावर स्ट्रिप्स तीन ते सहा महिनेच नीट चालतात, डबीवर लिहिलेलं असतं. ती तारीख बघायचं काम सध्या माझ्याकडे आहे.